उतारावरची साखळी

गोठ्यासमोरच्या सारवलेल्या अंगणात मयूरीने गोणपाटावर मोटरसायकलची साखळी आडवी पसरली होती आणि तिचा एकेक दुवा बोटाने मागेपुढे करून ती पाहत होती. शेजारी दोन दातेरी चक्रं ठेवलेली होती. एक लहान मुलाच्या मुठीएवढं, दुसरं जेवायच्या ताटाएवढं.

"ह्या बारक्याला किती दाते म्हणालीस?" धोंडाबाईंनी विचारलं. त्या तिच्या सासूबाई. त्या बाजूच्या रीतीप्रमाणे मयूरी त्यांना आत्या म्हणायची.

"तेरा, आत्या."

"माझ्यापरीस दोन जास्त," आत्या म्हणाल्या आणि उरलेले अकराही दिसतील असं हसल्या. "बारा का न्हाई घेतलंस? डझनाचा हिशेब सोपा."

"बारा घेतले असते तर तोच दाता फिरून फिरून त्याच दुव्यांवर पडला असता. तेवढेच झिजले असते. तेरा घेतले की प्रत्येक दाता कधी ना कधी प्रत्येक दुव्याला भेटतो. झीज सगळ्यांत वाटली जाते."

"म्हंजे म्हशी राखायची पाळी लावल्यागत."

"अगदी तसंच."

आत्यांना ते पटलं. त्या उठून धार काढायला गेल्या, तेवढ्यात सड्याच्या, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठाराच्या, कडेवरून केदार येताना दिसला. पायी, जाकीट खांद्यावर टाकलेलं, कपाळावर घाम.

"आजपण स्कूटर सातव्या वळणावर बंद पडली का हो?" मयूरीने विचारलं.

"आठव्या," केदार जरा अभिमानाने म्हणाला. "आज हवा गार होती."

केदार तिचा नवरा. पाटणला विजेच्या स्कूटरच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता आणि दर शनिवारी घरी यायचा. त्याच्याकडची स्कूटर वर्कशॉपचीच होती. तिची मोटर मागच्या चाकाच्या आतच बसवलेली, कायमची सीलबंद. सपाट रस्त्यावर ती आवाज न करता धावे. सड्याच्या घाटात मात्र मोटर तापे आणि स्वतःच्या बचावासाठी स्वतःला बंद करून घेई. मग केदार तिला वळणावरच्या दगडाला टेकवून उरलेला घाट चालत चढायचा.

चिरेसडा ही सह्याद्रीच्या माथ्यावरची वस्ती. खाली काळा कातळ, वर गवत, आणि पावसाळ्यात चार महिने धुकं. दहा-बारा घरं, सगळी गवळी धनगरांची. माणसांपेक्षा म्हशी जास्त. म्हशींचं दूध घाटाने खाली आंबेखोलला जायचं, तिथून डेअरीत. केदारचे मामा, भागोजीमामा, तीस वर्षं पेट्रोलच्या मोटरसायकलला चार किटल्या लटकावून दूध उतरवत होते. मग आंबेखोलचा पेट्रोल पंप बंद झाला, कारण खोऱ्यात पेट्रोलवर चालणारं मामांशिवाय कुणी उरलं नव्हतं. डेअरीची बिनचालकाची व्हॅन आंबेखोलपर्यंत यायची. घाटाच्या पायथ्याशी थांबून ती अतिशय नम्र आवाजात सांगायची की पुढचा रस्ता तिच्या नकाशात नाही.

तेव्हापासून दुधाचा खवा होत होता, खव्याला गिऱ्हाईक शोधावं लागत होतं, आणि वस्तीतली दोन घरं खाली निघून गेली होती.

आत्या गोठ्यात असेपर्यंत केदार पायरीवर बसून राहिला. दोघंच असली की मयूरी त्याला नावाने हाक मारायची. पाटणच्या कॉलेजात ती दोघं एकाच बाकावर फिजिक्स शिकली होती आणि ती सवय लग्नानंतर कुणी मोडली नव्हती.

"खोली बघून ठेवलीय ती चांगली आहे," तो म्हणाला. "पूर्वेकडे खिडकी आहे. आईला सकाळचं ऊन मिळेल."

"आणि म्हशींना किती खिडक्या?"

"मयूरे, म्हशींना गिऱ्हाईक आलंय. गुढीपाडवा झाला की येऊन बघतो म्हणालाय."

मयूरीने साखळीचा दुवा खाली ठेवला. "माझी गाडी झाली तर?"

"चार्ज कुठे करणार? वर सौरपाट्यांवर चार दिवे लागतात. पावसाळ्यात तेही नाहीत."

"चार्ज करणारच नाही. दूध घेऊन खाली जाईन, रिकाम्या किटल्या घेऊन वर येईन. बाहेरची वीज एक थेंबही घेणार नाही."

केदार तिला चांगला ओळखत होता. ती थट्टा करायची तेव्हा हसायची, आणि आत्ता ती हसत नव्हती.

"आणि असं झालं तर मी काय करायचं?"

"वर यायचं. राहायला. आणि नाही झालं, तर मी आत्यांना घेऊन तुझ्या पूर्वेच्या खिडकीत येईन. गिऱ्हाइकाला मीच म्हशी दाखवीन."

"ठरलं," केदार म्हणाला. मग चक्रावर वाकून, "ह्या मोठ्या चक्राचं मधलं भोक जरा मोठं हवं. दे इकडं, लेथवरून वाढवून आणतो."

"पैज माझ्याविरुद्ध लावलीस ना?"

"पैज वेगळी. भोक लहान आहे ते लहानच आहे."

उंचीवर असलेल्या प्रत्येक वस्तूत ऊर्जा साठलेली असते, हे शाळेत सगळेच शिकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. सड्यापासून आंबेखोलपर्यंतचा घाट सात किलोमीटरचा, आणि त्यात सहाशे मीटरचा उतार. भरल्या किटल्या घेऊन उतरणारी गाडी आजवर ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये जाळत आली होती. मोटर मात्र उलटीही वापरता येते. चाकाने मोटरला फिरवलं की ती वीज तयार करते आणि त्याच वेळी चाकाला मागे ओढून धरते. म्हणजे ब्रेकही तीच आणि जनित्रही तीच.

अडचण बॅटरीची होती. जुन्या बॅटऱ्या वीज घोट घोट पीत, आणि घाटातली वीज लोंढ्यासारखी येते. पण काही वर्षांपूर्वी उसाच्या चिपाडापासून केलेले सोडियमचे सेल निघाले. चिपाड हवेशिवाय भाजलं की त्याच्या कोळशात अतिशय बारीक फटी राहतात. सोडियमचे कण त्या फटींत झपाट्याने शिरतात आणि तितक्याच झपाट्याने बाहेर पडतात. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात हे सेल स्वस्त झाले. लोकांनी त्यांचा उपयोग चहा पिऊन होईपर्यंत चार्ज होणाऱ्या स्कूटरसाठी केला. उताराचा विचार कुणी केला नाही, कारण सेल करणारे आणि वापरणारे दोघेही सपाटीवर राहत होते.

मयूरीने केला. तिचं गणित असं होतं की हवा, रस्ता, मोटर आणि साखळी यांचा वाटा वजा केला, तरी उतरतानाचं वजन चढतानाच्या दुपटीहून थोडं जास्त असेल, तर गाडी स्वतःच्या कमाईवर परत वर येते. दूध नेणाऱ्या गाडीचं वजन नेमकं असंच बदलतं. भरून खाली, रिकामं वर.

राहिली साखळी. चाकाच्या आतली मोटर चाकाइतकीच हळू फिरते, आणि हळू फिरत जोर लावणारी मोटर तापते. केदारच्या स्कूटरचं आठव्या वळणावर तेच होई. मोटर चौकटीवर बसवून साखळीने चाकाला जोडली, तर तेरा दात्यांचं चक्र जवळजवळ सहा वेळा फिरतं तेव्हा शहात्तर दात्यांचं एकदा फिरतं. लहान मोटर मजेत, वेगाने, थंड डोक्याने फिरते आणि चाकाला मात्र सहापट जोर मिळतो. साखळी ही सव्वाशे वर्षांपूर्वीची युक्ती होती. केदारच्या वर्कशॉपमध्ये नव्याने आलेल्या पोरांनी ती फक्त सायकलवर पाहिली होती.

चौकट भागोजीमामांच्या गाडीची होती. मामांनी ती देताना एकच अट घातली.

"साखळीला खालून स्प्रिंगची रोलर-पट्टी पायजे बघ," ते म्हणाले. मामा उंच आणि रुंद होते. ते खाटेवर बसले की खाट बोलायची. "खड्ड्यात चाक वरखाली झालं की साखळी सैल पडती. खालच्या अंगाला स्प्रिंग असली की ती सैल घेती. माझ्या गाडीला तीस वर्सं होती. एकदा साखळी उतरली न्हाई."

मयूरीने विचार केला. साखळीची वरची बाजू चाक ओढते, म्हणून ती ताठ. खालची बाजू नुसती परत येते, म्हणून सैल. स्प्रिंग खालीच हवी. तिने ती खाली बसवली.

दिवाळी होऊन गेली होती. गवत अजून हिरवं होतं आणि म्हशी भरपूर दूध देत होत्या. पहिल्या फेरीला सगळी वस्ती कडेवर उभी राहिली. चार किटल्या काठोकाठ भरलेल्या. बॅटरी मुद्दाम जवळजवळ रिकामी ठेवलेली.

"रिकाम्या बॅटरीवर घाटात चालली," कुणीतरी म्हणालं. "पोहोचायची कशी?"

"पोहोचायला काय लागतंय?" मामा म्हणाले. "थांबायला लागतंय."

पहिलं वळण छान गेलं. मोटरने गाडीला मागे ओढून धरलं, मीटरवरचा आकडा वर सरकू लागला आणि मयूरीच्या घशातून तिला स्वतःलाही अनोळखी असा आनंदाचा आवाज निघाला. दुसऱ्या वळणानंतर रस्ता खडा उतरतो. तिने ओढ वाढवली. खालून काहीतरी फाडकन वाजलं, रोलर तुटून तिच्या टाचेजवळून उडाला, सैल झालेली साखळी चक्रावरून उतरून चौकटीत अडकली आणि मागचं चाक जागीच थांबलं. गाडी आडवी घसरली. ती वेगात नव्हती म्हणून निभावलं. मयूरीचं कोपर सोललं. दोन किटल्यांची झाकणं उडाली आणि ऐंशी लिटर दूध पांढरा ओढा होऊन तिसऱ्या वळणाकडे तिच्याआधी निघालं.

मामा धावत येऊन पोहोचले तेव्हा ती रस्त्यावर मांडी घालून बसली होती आणि लहान चक्र हातात घेऊन उन्हात फिरवत होती.

"लागलं काय गं पोरी?"

"मामा, हे बघा."

"तू आधी हात दाव!"

"हात बरा आहे. हे बघा ना. दात्याला दोन अंगं असतात. साखळी चाकाला ओढते तेव्हा एकच अंग घासलं जातं. इथे दोन्ही अंगं चकाकतायत."

मामा तिच्याशेजारी बसले. दूध त्यांच्या चपलांखालून गेलं.

"मामा, तुम्ही उतारावर गाडी कशी आणायचा?"

"कशी म्हंजे? बंद करून. वर न्यूट्रल मारायची, इंजिन बंद, आन् ब्रेकावर खाली. सगळेच तसं आणायचे. उतारावर चालू ठेवायला पेट्रोल काय फुकट येत हुतं?"

मयूरी हसायला लागली. कोपरातून रक्त येत असताना ती इतकी हसली की मामांना ती डोक्यावर पडली आहे अशी शंका आली.

चिरेसड्यावरच्या एकाही माणसाने, तीस वर्षांत, घाट उतरताना साखळीला काम करू दिलं नव्हतं. त्यांची साखळी फक्त ओढायची किंवा मोकळी फिरायची. गाडीला मागे धरून ठेवणारी साखळी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. मोटर गाडीला रोखते तेव्हा चाक मोटरला ओढत असतं, आणि मग ताठ बाजू असते खालची, सैल असते वरची. मयूरीने स्प्रिंग बसवली होती ती उतारावर सगळ्यात जास्त ताणल्या जाणाऱ्या बाजूला. मामांना उताराचा असा अनुभव नव्हता, आणि तिने तो विचारला नव्हता.

केदार त्या शनिवारी आला. कोपरावरची पट्टी पाहून त्याचा चेहरा उतरला.

"सोड आता हे."

"दोन्ही बाजूंना स्प्रिंग लावली तर?" ती म्हणाली. "नाही. मग साखळी दोन्हीकडून झोके खाईल. स्प्रिंग नकोच. साखळी सैल होते कशामुळे?"

"मयूरी."

"सांग ना."

केदारने सुस्कारा टाकला. "चाक खड्ड्यात वरखाली होतं. ते मागच्या ज्या दुहेरी दांड्यावर, फाट्यावर बसलंय तो फाटा एका ठिकाणी फिरतो, मोटर दुसऱ्या ठिकाणी बसलीय. त्यामुळे दोन चक्रांतलं अंतर बदलत राहतं."

"आणि मोटर त्या फाट्यावरच बसवली तर?"

केदार उठला. मग त्याने चुलीजवळची काडी घेतली आणि अंगणाच्या मातीत रेघ काढली. मोटर फाट्यावर बसवली तर चाक आणि मोटर एकत्रच वरखाली होणार. अंतर बदलणारच नाही. साखळी वर ताणली काय, खाली ताणली काय, तिची लांबी तीच.

"फाटा जड होईल," तो म्हणाला. "मोटर पुढे सरकव, फाटा जिथे फिरतो त्याच्या अगदी जवळ. तिथे तिचं वजन जाणवणार नाही. आणि मोटरच्या बैठकीला पट्टी आठ मिलिमीटरची घे, पाचची वाकेल."

"पुढच्या शनिवारी आणशील आठची?"

"आणतो," तो म्हणाला आणि काडी चुलीत टाकली. "म्हशींचं गिऱ्हाईक पाडव्यानंतर येतंय, एवढं लक्षात ठेव."

आठची पट्टी आणली, पण तिचं वेल्डिंग सोपं नव्हतं. मोटरची बैठक एका बाजूला केसभर कलली तरी साखळी कुरकुरायची. मयूरीने ती दोनदा कापली, दोनदा जोडली. माघ संपला, फाल्गुन संपत आला. शेवटी एका दुपारी तिने मागचं चाक हाताने पुढे फिरवलं, मग मागे फिरवलं, आणि दोन्ही वेळा साखळीने सारखाच, हलका, पावलं वाजल्यासारखा आवाज केला.

तोवर ऊन चढलं होतं, गवत पिवळं पडलं होतं आणि म्हशी आटल्या होत्या. चार किटल्यांऐवजी जेमतेम अडीच किटल्या दूध निघत होतं. पाडवा दोन दिवसांवर आला होता.

"वजन कमी पडतंय," मयूरी म्हणाली. "गाडीला कमाईच होणार नाही."

"मग दगड भर की," आत्यांनी सुचवलं. "सड्यावर दगडाला तोटा हाय व्हय?"

"रोज दगड नेऊन खाली टाकायचे? काही वर्षांनी सडाच आंबेखोलात जाईल, आत्या. जे खाली कुणाला तरी हवं आहे तेच न्यायचं."

आत्यांनी डोळे बारीक केले. मग मान वळवून ओट्यावर चहा पीत बसलेल्या आपल्या भावाकडे पाहिलं. मयूरीनेही पाहिलं. मामांच्या हातातली बशी अर्ध्यावर थांबली.

"मला कुणी हवंय व्हय खाली?" मामा म्हणाले.

"तुझी लेक कधीची बोलावतीय," आत्या म्हणाल्या. "आठ दिस राहून ये. तुझं वजन किती रं?"

"असंल नव्वद."

किटल्या मोजायच्या काट्यावर मामांना उभं केलं. एकशे दहा भरले.

"आयुष्यभर लोकांनी मला गाडीवरनं उतरवलं," मामा म्हणाले. "जीपवाला म्हणायचा मामा तुम्ही मागच्या फेरीला या. आज पहिल्यांदा कुणी काट्यावर बघून हसलं."

अशा रीतीने शनिवारी सकाळी मयूरी, अडीच किटल्या दूध आणि भागोजीमामा घाटात निघाले. मामांनी नवं धोतर नेसलं होतं. तिसऱ्या वळणाच्या आधी मयूरीने दात आवळले आणि ओढ वाढवली. साखळीची खालची बाजू ताठ झाली, वरची सैलावली, आणि आवाजात तसूभरही फरक पडला नाही. मीटरचा आकडा चढत होता. मागून मामा प्रत्येक वळणाला "बेताबेतानं!" म्हणत होते आणि दोन वळणांच्या मधे गात होते.

आंबेखोलच्या डेअरीसमोर माणसं जमली होती. मीटर वाचायचं काम केदारचं, असं आधीच ठरलं होतं. तो रात्रीच परस्पर इथे येऊन राहिला होता. त्याने वाकून आकडा पाहिला.

"एक्याऐंशी टक्के."

"निघताना किती होते?" डेअरीतल्या बाईंनी विचारलं.

"दोन," मयूरी म्हणाली.

बाईंनी गाडीच्या भोवती एक फेरी मारली. कुठे तार जोडलेली दिसते का ते पाहिलं. टँकरची वाट पाहत हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकाही पुढे आल्या होत्या. त्यांतली एक मामांकडे बघून म्हणाली, "वर झरा हाय न्हवं तुमच्या? मग ह्यांच्याऐवजी पाणी आणलं असतंस तर बरं झालं असतं की गं."

सगळे हसले. मामाही हसले. मयूरी मात्र त्या बाईकडे बघतच राहिली. उन्हाळ्यात दूध कमी, वर झऱ्याला पाणी, खाली घागरीला रांग. पाणी खाली न्यायचं आणि त्याच्याच वजनावर परत यायचं. सह्याद्रीच्या माथ्यावर अशा किती वस्त्या असतील, हे तिच्या मनात आलं आणि ते गणित तिने मोठ्या कष्टाने बाजूला ठेवलं. आधी घाट चढायचा होता.

किटल्या धुऊन लटकावल्या. केदार जवळ आला.

"डेअरीत प्लग आहे," तो हळूच म्हणाला. "दहा मिनिटं लावलीस तर कुणी बघत नाही."

"मी बघतेय."

"पुरेल एक्याऐंशी?"

"पुरायला हवं. तू मात्र मागे बसू नकोस. तुझ्यासकट नाही पुरणार."

"मी येतो चालत. तू हो पुढं."

तो इतक्या सहज म्हणाला की त्याची स्कूटर कुठे दिसत नाही हे तिला जाणवलं, पण विचारायचं राहून गेलं.

चढावर साखळीची वरची बाजू ताठ झाली. केदारची स्कूटर जिथे थांबायची ते सातवं वळण गेलं, आठवं गेलं. मयूरीने मोटरला हात लावून पाहिला. कोमट होती, गोठ्यातल्या भिंतीइतकी. आकडा उतरत होता, पण वळणं त्याहून भराभर संपत होती. कडेवर आत्या उभ्या होत्या. गाडी वर येताच त्यांनी पदर कमरेला खोचला आणि साखळीवरून बोट फिरवून ते कपाळाला लावलं. कपाळावर काळा डाग उमटला.

"जिंकलीस व्हय?"

"जिंकले, आत्या."

"किती उरली?"

"बारा."

मयूरीने मीटरकडे बघत बोटांवर हिशेब केला. मग तिने किटल्या उतरवून ठेवल्या.

"आता कुठं निघालीस?"

"केदार चालत येतोय. रिकाम्या गाडीवर बारा टक्क्यांत त्याची वरची चार वळणं बसतात."

ती चार वळणं उतरली, एकही जास्त नाही, आणि करवंदीच्या जाळीशेजारी गाडी लावून वाट पाहत बसली. करवंदं अजून हिरवीच होती. बऱ्याच वेळाने खालच्या वळणावर केदार दिसला. वाकून चालत होता, आणि पाठीवर मोठी बॅग होती.

"इथेच का थांबलीस?" त्याने धापा टाकत विचारलं. "अजून थोडं खाली आली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"हिशेब इथपर्यंतच होता. बॅगेत काय आहे?"

"चार कपडे."

तो मागे बसला. गाडी निघाली. एक वळण झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर आकडा तिच्या अंदाजापेक्षा खाली होता. शेवटच्या वळणावर, जिथून घराचं छप्पर दिसतं आणि आत्यांच्या लुगड्याचा हिरवा रंगही दिसतो, तिथे मोटर थांबली. साखळी वरूनही सैल झाली, खालूनही.

मयूरीने दोन्ही पाय टेकवले. वळून पाहिलं नाही.

"तुझं वजन चौसष्टच आहे ना?"

"आजच्या चालण्याने घटलं असेल."

"मग बॅग उघड."

केदारने बॅग रस्त्यावर ठेवून उघडली. वर कपडे होते, चारच. त्यांच्याखाली पान्यांचा संच होता, कुकर होता, तवा होता, आणि आत्यांनी त्याला पाटणला जाताना दिलेला लोखंडी खलबत्ता होता.

"ही तर सगळी खोली आहे," मयूरी म्हणाली.

"सोडली खोली. नोकरीपण, स्कूटर परत केली."

"कधी?"

"मंगळवारी. म्हशींच्या गिऱ्हाइकालाही सोमवारीच सांगून टाकलं, येऊ नको म्हणून."

"केदार, फेरी आज होती."

"हो."

"आणि मी वर पोहोचले नसते तर? घाटातच बॅटरी संपली असती तर?"

केदारने खलबत्ता परत बॅगेत घातला आणि चेन ओढली.

"तर तुला ढकलायला कुणीतरी लागलंच असतं."

वरून आत्या ओरडून विचारत होत्या की झालं तरी काय. मयूरीने गाडीची मूठ घट्ट धरली. आता ती हसत होती.

"मग बघतोस काय," ती म्हणाली. "ढकल."